तोट्याच्या वाटेवरचे विमान

विमानाचा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने कशाला काढावा, असे येथे बसलेल्या पुष्कळांच्या मनात येईल. आमच्या बहुतेक सभासदांनी विमान पाहिले आहे ते मान वर करून. तरीही आम्ही हा विषय घेतला, कारण आडबाजूच्या गावी जाणारे लहान विमान आणि एस.टी.ची मुक्कामाची गाडी यांचे दुखणे एकच आहे. मुक्कामाची गाडी बाळंतिणीसाठी, परीक्षेच्या पोरांसाठी, बाजाराला निघालेल्या बाईसाठी असते. तिचा हिशेब केवळ वाहकाच्या पेटीतल्या पैशांवर मांडला, तर पहिल्याच महिन्यात ती बंद करावी लागेल.

आधी लहान विमानाचा खर्च समजून घेऊ. मोठ्या विमानात एकशे ऐंशी आसने असतात आणि पुढे दोन वैमानिक बसतात. एकोणीस आसनांच्या डॉर्नियरमध्येही दोनच वैमानिक बसतात. त्यांचा पगार कमी धरला, तरी तिकडे एकशे ऐंशींत वाटला जाणारा भार इकडे एकोणिसांच्या माथी येतो. इंजिनाची आणि चाकांची झीज नुसत्या तासांवर मोजत नाहीत. विमान किती वेळा चढले आणि किती वेळा उतरले, यावरही मोजतात. लांबचे विमान दोन तासांत एकदा उतरते, जवळचे तेवढ्यात दोनदा. चढताना इंधन जास्त जळते ते वेगळेच. शिवाय ताफा लहान. तीन विमानांच्या कंपनीचे एक विमान दुरुस्तीला गेले की तिसरा हिस्सा वाहतूक बसली. दोन फेऱ्या रद्द झाल्या की प्रवासी रात्रीच्या बसकडे वळतो, आणि वळलेला प्रवासी सहसा परतत नाही.

हा खर्च कोणी सोसावा, याचे उत्तर आपल्या देशाने दोनदा दिले. पहिले उत्तर वायुदूत. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून ही कंपनी जानेवारी १९८१ मध्ये काढली, ती मुख्यतः ईशान्य भारतासाठी. हेतू निखालस चांगला होता. पुढे कानपूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेली डॉर्नियर विमाने तिच्याकडे आली आणि ज्याला त्याला आपल्या गावी विमान हवेसे झाले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिची ठिकाणे शंभराच्या घरात गेली. ठिकाणे वाढली त्या मानाने पैसा आणि माणसे वाढली नाहीत. २३ सप्टेंबर १९८९ रोजी पुण्याहून हैदराबादला निघालेले वायुदूतचे डॉर्नियर उजनीच्या जलाशयात कोसळले; आतले अकराही जण गेले. १९९३ मध्ये कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्याचे ठरले आणि १९९७ मध्ये तिचे नावही उरले नाही.

दुसरे उत्तर म्हणजे २०१६ ची ‘उडान’ योजना. तिची मांडणी वायुदूतपेक्षा हुशारीची आहे, हे कबूल केले पाहिजे. विमानातली काही आसने ठरलेल्या कमाल भाड्यात द्यावयाची. सुमारे तासाभराच्या प्रवासाला ते आरंभी अडीच हजार रुपये होते. कंपनीला येणारी तूट सरकारने भरून द्यावयाची, आणि त्यासाठी मोठ्या शहरांमधल्या उड्डाणांवर कर बसवावयाचा. म्हणजे भरल्या घराने रित्या घराला हात द्यावयाचा. २७ एप्रिल २०१७ रोजी ज्या पहिल्या फेऱ्या निघाल्या, त्यांत नांदेड–हैदराबाद होती.

गोम आहे ती मुदतीत. तूट भरून मिळते ती तीन वर्षे. रोप लावा, तीन पावसाळे पाणी घाला, मग ते आपल्या मुळांवर उभे राहील, अशी ही कल्पना. काही रोपे राहतातही. पण भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये हिशेब मांडला तो असा : योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली, आणि त्यापुढे मार्च २०२३ पर्यंत टिकले ते ५४. नांदेडला आलेली ट्रूजेट कंपनी फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली. सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडला. तीन वर्षांचा करार ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला आणि अलायन्स एअरची मुंबईची फेरीही संपली.

अशा एका विमानतळावरचे चार कंत्राटी कामगार मध्यंतरी आमच्या कचेरीत आले होते. सामान चढवणे, शिडी लावणे ही त्यांची कामे. विमान येईनासे झाले तसे कंत्राटदाराने त्यांना तोंडीच घरी बसवले. त्यातला वयाने मोठा म्हणाला, “साहेब, फेरी बंद झाल्याचं पेपरात आलं, आमचं कुठंच आलं नाही.” कंपनी आणि सरकार यांच्यातल्या कराराच्या अनेक पानांत या माणसांविषयी एक ओळ असावी, एवढीच त्यांची मागणी होती. आम्हाला ती फार वाटली नाही.

आता एक आक्षेप आमच्याच मंडळींचा. गरिबाच्या पैशाने पैसेवाल्याचे विमान का उडवावे? आक्षेप अर्धा खरा आहे. जेथे रात्री गाडीत बसून सकाळी उतरता येते, तेथे आधी रेल्वे आणि एस.टी. सुधारावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. सिंधुदुर्गकरांना राग येईल, पण त्यांच्याकडे कोकण रेल्वे आहे. अरुणाचलातल्या डोंगरगावांची गोष्ट निराळी. १२ एप्रिल २०२२ पासून अलायन्स एअरने कानपूरच्या डॉर्नियरने दिब्रुगड–पासीघाट फेरी सुरू केली. पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बसतो, तेव्हा त्या मुलखात विमानाला चैन कोण म्हणेल?

अशा जागी काय करतात, हे पाहावयाचे तर स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांकडे पाहावे. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांत अंतर पावणेतीन किलोमीटर. १९६२ मध्ये निघालेल्या लोगनएअर या लहानशा कंपनीने १९६७ मध्ये येथे आठ उतारूंच्या विमानाची फेरी सुरू केली. उड्डाण दोन मिनिटांच्या आत उरकते. जगातली सर्वांत छोटी नियमित विमानफेरी म्हणून तिची ख्याती आहे. पापा वेस्ट्रेवर माणसे शंभराच्या आत. विमानात असतात ते शिक्षक, डॉक्टर, रोगी, शाळकरी मुले. कोणत्याही व्यापारी हिशेबात ही फेरी बसत नाही, आणि बसावी अशी अपेक्षाही कोणी ठेवलेली नाही. तेथील बेटांची परिषद तिला लोकसेवेचे बंधन मानते, किती फेऱ्या आणि किती भाडे ते स्वतः ठरवते, आणि निविदा मागवून ठेका देते. मुदत संपते ती ठेक्याची. फेरीसाठी परिषद पुन्हा निविदा काढते.