‘आब्लो’मध्ये ‘मी’ आलाच

स्पॅनिश आपल्याकडे बहुधा इंग्रजी पुस्तकांतून शिकली जाते, आणि वर्तमानकाळाबद्दलचे बरेचसे गैरसमज त्या वाटेनेच येतात.

सगळ्यात चिवट गैरसमज हा, की क्रियापदाआधी कर्ता हवाच. ‘आब्लार’ म्हणजे बोलणं. त्यातलं ‘आर’ काढून प्रत्यय लावायचे: आब्लो (मी), आब्लास (तू), आब्ला (तो, ती), आब्लामोस (आम्ही), आब्लाइस (तुम्ही), आब्लान (ते). कोण बोलतंय हे प्रत्ययातच कळतं, म्हणून ‘यो’ म्हणजे ‘मी’ एरवी गाळतात. उगाच लावला तर ‘मी बोलतो, दुसरं कोणी नाही’ असा ठसका येतो. ‘उद्या येतो’ म्हणताना आपण तरी ‘मी’ कुठे लावतो?

एक गैरसमज मात्र अस्सल मराठी. ‘बोलतो-बोलते’ची सवय असल्याने स्त्रीसाठी वेगळं रूप शोधलं जातं. ते नसतं. बाई असो की बुवा, ‘आब्लो’च.

आदरार्थी ‘उस्तेद’ला ‘तुम्ही’ समजून अनेकवचनी रूप लावण्याचा मोहही आपलाच. बरोबर रूप ‘उस्तेद आब्ला’, म्हणजे तृतीयपुरुषी एकवचन. ‘ब्वेस्त्रा मेर्सेद’ (आपली कृपा) या जुन्या संबोधनाची झीज होऊन ‘उस्तेद’ झालं. ‘महाराज काय म्हणतात?’ असं समोरच्या महाराजांनाच विचारावं, तसा हा थाट. अनेकांशी बोलताना ‘उस्तेदेस आब्लान’. ‘आब्लाइस’ स्पेनमध्ये चालतं, पण लॅटिन अमेरिकेत ते रोजच्या बोलण्यात ऐकू येत नाही. मेक्सिकोला जाणाऱ्याने ते निवांत मागे ठेवावं.

‘आत्ता चाललेल्या क्रियेला वेगळा काळ लागतो’ हेही इंग्रजीचं ओझं. ‘एस्तोय आब्लांदो’ (बोलतो आहे) आहेच, पण समोर ताट घेऊन बसलेल्याला ‘के कोमेस?’ म्हणजे ‘काय खातोस?’ असं सरळ विचारता येतं. ‘मान्याना आब्लो कोन एया’ म्हणजे ‘उद्या तिच्याशी बोलतो’. काळ वर्तमान, गोष्ट उद्याची, दोन्ही भाषांत.

क्रियापदांचे ‘आर’, ‘एर’, ‘ईर’ असे तीन गट, म्हणजे तीन वेगळे तक्ते, असंही नाही. ‘कोमेर’ (खाणं) आणि ‘बिबीर’ (राहणं) यांचे प्रत्यय फक्त दोन जागी वेगळे: कोमेमोस-बिबीमोस आणि कोमेइस-बिबीस. बाकी सारखेच. ‘चातेआर’सारखी (चॅट करणं) नवी क्रियापदं तर ‘आर’ गटातच भरती होतात आणि नियमाने चालतात.

‘प्रोतेहेर’ (रक्षण करणं) याचं ‘प्रोतेहो’ होताना रोमन लिपीत एक अक्षर बदलतं, म्हणून काहीजण त्याला अनियमित ठरवतात. उच्चार तोच राहतो. देवनागरीत लिहिलं तर बदल दिसतही नाही.

आणि इंग्रजीतून शिकणाऱ्यांना छळणारं ‘गुस्तार’? ‘आर’ गटातलं पूर्ण नियमित क्रियापद. मे गुस्ता एल मांगो: मला आंबा आवडतो. मे गुस्तान लोस मांगोस: मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, खाणाऱ्याप्रमाणे नाही.