पंपाची लोखंडी पेटी आणि अँटेना

बिनतारी आज्ञेने यंत्र चालविण्याची कल्पना नवी नाही. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्क येथे अशा आज्ञेने एक छोटी नौका चालवून दाखविली होती. आज तीच कल्पना आपल्या शेतीच्या बांधावर आली आहे. मोबाईल फोनवरून मोटारपंप चालू-बंद करणारे ‘नॅनो गणेश’ हे यंत्र पुण्याचे अभियंते श्री. संतोष ओस्तवाल यांनी विकसित केले, आणि त्यानंतर या प्रकारचे ‘मोबाईल स्टार्टर’ ठिकठिकाणी बसविले गेले.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील पिंपळनेर परिसरात पांझरेकाठची शेतजमीन आणि पश्चिमेस सह्याद्रीचे डोंगर आहेत. अशा उंचसखल प्रदेशात डोंगराआडच्या शिवारांत मोबाईलच्या लहरी क्षीण होऊन पोहोचतात. त्यातच शेतीपंपाची वीज पाळीने, अनेकदा रात्री मिळते. स्टार्टरने आज्ञा घेतली नाही, तर शेतकऱ्यास विंचू-सापाचे भय पत्करून अंधारात विहीर गाठावी लागते. पंप नळपाणी योजनेचा असेल, तर साऱ्या गावाचे पाणी अडते. अशा वेळी यंत्रास दोष दिला जातो. परंतु पुष्कळदा दोष यंत्राचा नसून अँटेनाच्या जागेचा असतो.

याचे कारण समजून घेणे अवघड नाही. बंद धातूच्या आवरणात बाहेरचे विद्युत्‌क्षेत्र शिरत नाही, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३६ साली प्रयोगाने सिद्ध केले. स्टार्टरची पत्र्याची पेटी असेच आवरण होय. अँटेना पेटीच्या आत ठेवल्यास लहरी फटींतून जेमतेम ये-जा करतात. म्हणून अँटेना पेटीबाहेरच असला पाहिजे.

मात्र बाहेर काढल्यावर हाच पत्रा उपकारक ठरतो. साधा उभा अँटेना लहरीच्या लांबीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतका असतो. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, तेव्हा चौथा हिस्सा सुमारे ८ सेंटिमीटर होतो. अशा अँटेनाचे राहिलेले अर्धे काम त्याखालील धातूचा पृष्ठभाग करतो. लोहचुंबकाच्या बैठकीचा अँटेना पेटीच्या माथ्यावर, शक्यतो मध्यभागी, उभा बसवावा. कडेला बसविल्यास लहरी एका बाजूस झुकतात, आणि पेटीच्या बाजूस चिकटवून उभा केल्यास पत्राच त्यांना अडवितो.

स्क्रूने बसवावयाच्या अँटेनाबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बैठकीचा बाहेरील भाग पेटीच्या धातूस नीट टेकावा, यासाठी तेथील रंग खरवडावा. मधली तार मात्र पेटीस मुळीच लागता कामा नये. ती टेकल्यास अँटेना निरुपयोगी होतो.

अँटेनाची केबल अनावश्यक लांब ठेवू नये. बारीक केबलच्या ३ मीटर लांबीत ९०० मेगाहर्ट्झला जवळजवळ निम्मी शक्ती वाया जाते. केबल पेटीच्या तळातून, रबरी कडे लावलेल्या छिद्रातून आत न्यावी आणि बाहेर तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून आत उतरणार नाही. विजेच्या भयामुळे अँटेना उंच खांबाच्या टोकावर चढवू नये. पेटीला योग्य अर्थिंग असावे. पेटीत तीन फेजचा प्राणघातक दाब असतो, म्हणून ती उघडण्यापूर्वी मुख्य पुरवठा बंद करावा, आणि हे काम जाणकार तारतंत्र्याकडूनच करून घ्यावे.

शिक्षकांना हे तत्त्व वर्गात सहज दाखविता येईल. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात मोबाईल ठेवून त्यास फोन लावावा. पुष्कळदा तो लागत नाही, आणि झाकण काढताच लागतो. ग्रामपंचायतींनीही पाणीपुरवठ्याच्या पंपाचा नवा स्टार्टर ताब्यात घेण्यापूर्वी पेटीचे दार बंद करूनच त्याची चाचणी घ्यावी. दार उघडे असताना चालणारे यंत्र दार लागल्यावर चालेलच, असे नाही.