भट्टीत न जाणारी माती

सोंडेला ओला सुती फडका, त्यावर प्लास्टिकची पिशवी. पोट मात्र उघडं. मिनेसोटातल्या ईडन प्रेरीमध्ये, एका घराच्या तळघरात ताई गणपतीची मूर्ती झाकत होत्या आणि मी वही घेऊन शेजारी बसले होते. "सोंड बारीक, ती आधी वाळते. पोट मागे राहतं. मग जोडावर तडा जातो," त्या म्हणाल्या. त्यांचं लहानपण गणपतींच्या पेणजवळ गेलेलं. तिथे श्रावणातल्या दमट हवेत मूर्ती वाळत नाही म्हणून घोर लागायचा. इथे एसी आणि हवेतला ओलावा शोषणारं यंत्र दिवसभर चालू, त्यामुळे घोर नेमका उलटा.

गेली दोन वर्षं मी या भागातल्या मराठी घरांत हातांनी काही घडवणाऱ्यांना भेटते आहे. गोधड्या, मखरं, मूर्ती. आधी विचारायचे, "तुमच्या कामात तुमचं गाव कुठे दिसतं?" सगळे प्रेमाने ठरलेलीच उत्तरं द्यायचे: पैठणीचा काठ, तुतारी, वारली चित्रं. वारली चित्रं दाखवणाऱ्या बाई सोलापूरच्या होत्या. त्यात खोटं काही नव्हतं. मीच प्रश्न असा विचारत होते की त्याला दुसरं उत्तर येणार नाही. मग प्रश्न बदलले. माती कुठून आणली? वाळायला किती दिवस लागले? काय बिघडलं? तेव्हापासून चहा गार होईपर्यंत लोक बोलतात.

ताईंचं पहिल्या वर्षी बिघडलं ते विसर्जनात. हवेत वाळणारी हस्तकलेची माती आणली होती, तिच्यात तंतू मिसळलेले. मूर्ती बादलीत दोन दिवस राहिली, नुसती फुगली, विरघळलीच नाही. ते सांगताना आजही त्यांचा आवाज बसतो. मग त्या कुंभारकामाच्या वर्गाला गेल्या. तिथे सगळ्या कामाचं तोंड भट्टीकडे. शिक्षिकेने विचारलं, ही कधी भाजायची? ताई म्हणाल्या, कधीच नाही, हिला पाण्यात जायचंय. शिक्षिका क्षणभर थांबली आणि त्यांना कोपऱ्यातल्या मोडक्या भांड्यांच्या बादलीकडे घेऊन गेली. न भाजलेली बिघडलेली भांडी तिथे पाण्यात टाकून पुन्हा माती करतात. विसर्जनाचं शास्त्र ताईंना त्या बादलीपाशी कळलं.

ते त्यांनी मला करून दाखवलं. काचेच्या दोन ग्लासांत पाणी. एकात अर्धवट ओला गोळा, दुसऱ्यात पूर्ण सुकलेला. ओला तसाच बसून राहिला. सुक्याने पाणी ओढलं, बारीक बुडबुडे सुटले, कडा पापुद्र्यांसारख्या गळल्या आणि अर्ध्या तासात तळाशी नुसता गाळ. म्हणून मूर्ती आतून पोकरायची, सगळीकडे सारखी आणि हाडासारखी कोरडी करायची.

माती आणि मुलूख यांचं नातं मिनेसोटाच्या कुंभारांनाही जवळचं. रेड विंगची दगडी भांडी एकोणिसाव्या शतकात तिथल्याच मातीची होत. कॉलेजव्हिलला रिचर्ड ब्रेस्नाहन १९७९पासून आसपासची खणलेली माती वापरत आले. पण ज्यांच्यामुळे इथल्या भांड्यांना 'मिंगेसोटा' हे नाव पडलं त्या वॉरन मॅकेंझी यांचा हात इंग्लंडमध्ये कुंभार बर्नार्ड लीच यांच्याकडे तयार झालेला आणि ओढ जपानी लोककलेची, मिंगेईची. स्टिलवॉटरजवळ ते २०१८पर्यंत, मरेपर्यंत राहिले. रोजच्या जेवणात वापरायचे वाडगे घडवले, भाव मुद्दाम कमी ठेवले. त्या साध्या वाडग्यांनाच आज लोक मिनेसोटाचे म्हणतात. ईडन प्रेरी हे नावही बाहेरच्या बाईने दिलेलं: १८५२मध्ये आलेल्या न्यूयॉर्कच्या लेखिका एलिझाबेथ एलेट यांनी.

हे सांगितलं तर ताई म्हणाल्या, "अहो, पेणची शाडू तरी पेणची कुठेय? ती गुजरातेतून येते." मग पेणचं काय? त्यांनी बोट मूर्तीच्या डोळ्यांकडे नेलं. आखणी. पापणीची रेघ नाकाकडून निघते, मध्ये जाड होते आणि श्वास न सोडता कानाच्या दिशेने संपते. रंगाआधी त्या कोरड्या कुंचल्याने हवेत तीनदा गिरवतात. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. शाळेतून येताना कारखान्याच्या दारात उभं राहून पाहिलेलं आहे.

विसर्जनाचा गाळ त्या टाकत नाहीत. गेल्या वर्षी बादली गॅरेजमध्ये राहिली आणि जानेवारीत गोठून दगड झाली. बर्फ सुटला तेव्हा माती पापुद्र्या-पापुद्र्यांची, मध्ये पाणी. चाळून, प्लास्टरच्या लादीवर पाणी उतरवून, थर मोडेपर्यंत मळावी लागली. अर्धा तास मळते, मनगटं भरून येतात, असं म्हणत त्यांनी मूर्तीचा पाट वळवून दाखवला. वरची माती पिशवीतली, नवी, पांढुरकी. खालचं आसन गेल्या वर्षीच्या मातीचं, हळदीकुंकवाने किंचित तांबूस.