आधीच आजारी होता, म्हणून?

कोरोनाच्या पहिल्या लाटेत राज्याच्या आरोग्य विभागाचे रोजचे पत्रक मृत्यूंचा आकडा देऊन थांबत नसे. मृतांपैकी किती जणांना मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयरोग असे ‘अतिजोखमीचे आजार’ होते, हेही त्यात असे. ही नोंद आवश्यकच होती. पण घरोघरी तिचा जो अर्थ लावला गेला, तो मला आजही खटकतो. माणूस गेला कारण तो आधीच आजारी होता, असे म्हटले की विषय मिटत असे. बाकीच्यांना हायसे वाटे आणि गेलेल्याविषयी पुढचा प्रश्न कोणी विचारत नसे. सहव्याधींमुळे कोरोना अधिक घातक ठरतो, हे निर्विवाद आहे. मात्र तो किती घातक ठरेल, हे आजाराच्या नावापेक्षा त्या आजाराची काळजी किती घेतली गेली होती, यावर फार अवलंबून असते. मग ‘आधीच आजारी होता’ हे उत्तर उरत नाही. तिथून पुढे विचारण्यासारखे बरेच असते.

पहिले मोठे आकडे चीनमधून आले. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने ४४,६७२ निश्चित रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. एकूण मृत्युदर २.३ टक्के होता. ज्यांना दुसरा कोणताही आजार नव्हता त्यांच्यात तो ०.९ टक्के, उच्च रक्तदाब असलेल्यांत ६, मधुमेहींत ७.३ आणि हृदयविकार असलेल्यांत १०.५ टक्के होता. हे आकडे जगभर फिरले आणि प्रत्येक आजाराला जणू एक दर चिकटला. पण हे कच्चे आकडे होते. रक्तदाब आणि हृदयविकार हे बहुतेक उतारवयाचे सोबती, आणि याच अहवालात ऐंशी ओलांडलेल्यांचा मृत्युदर १४.८ टक्के होता. मृत्यू वयामुळे झाला की रक्तदाबामुळे, हे अशा कोष्टकातून समजत नाही.

ही गुंतवळ इंग्लंडमधील संशोधकांनी बऱ्यापैकी सोडवली. ‘ओपनसेफली’ या प्रकल्पात १ कोटी ७० लाखांहून अधिक प्रौढांच्या आरोग्यनोंदी कोरोनाच्या १०,९२६ मृत्यूंशी ताडून पाहण्यात आल्या, आणि जुलै २०२० मध्ये ‘नेचर’ने निष्कर्ष छापले. वयाचा प्रभाव सर्वांत मोठा निघाला: पन्नाशीतल्यांच्या तुलनेत ऐंशीच्या पुढच्यांचा धोका सुमारे वीसपट. वय आणि इतर घटक वेगळे काढल्यावर नुसत्या उच्च रक्तदाबाचा वेगळा असा धोका जवळपास उरलाच नाही. याउलट ज्यांची मूत्रपिंडे फारच कमकुवत झाली होती, त्यांचा धोका अडीचपट होता आणि अवयव प्रत्यारोपण झालेल्यांचा साडेतीनपट. मूत्रपिंडे निकामी होण्यामागे बहुधा वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेला रक्तदाब किंवा मधुमेह असतो. म्हणजे रोज गोळी घेऊन आटोक्यात ठेवलेला रक्तदाब आणि मूत्रपिंडापर्यंत जाऊन पोचलेला रक्तदाब हे पत्रकात एकाच रकान्यात बसतात, पण रुग्णाच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

मधुमेहात हे अंतर सर्वांत स्पष्ट दिसते. इंग्लंडच्या त्याच अभ्यासात, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी ज्यांची साडेसात टक्क्यांच्या खाली होती, त्या मधुमेहींचा धोका मधुमेह नसलेल्यांपेक्षा सुमारे १.३ पट होता. त्याहून वर असलेल्यांचा १.९५ पट, म्हणजे जवळजवळ दुप्पट. चीनच्या हुबेई प्रांतातील रुग्णालयांतला एक अभ्यास तर याहून ठळक आकडे देतो. ज्या मधुमेही कोरोना रुग्णांची साखर उपचारादरम्यान साधारण १८० च्या आत राहिली, त्यांच्यातले १.१ टक्के दगावले. ज्यांची त्यावर गेली, त्यांच्यातले ११ टक्के. यावर एक रास्त आक्षेप आहे. आजार तीव्र झाला की शरीरावरच्या ताणाने साखर आपोआप चढते, त्यामुळे चढलेली साखर हे मृत्यूचे कारण नसून तीव्र आजाराची खूण असू शकते. हुबेईच्या अभ्यासाला हा आक्षेप काही अंशी लागू पडतो. इंग्लंडच्या अभ्यासाला मात्र तो लागू पडत नाही, कारण तिथे जमेस धरलेली एचबीए१सी साथ येण्यापूर्वीची होती. विषाणू शरीरात शिरण्याआधीच धोक्याची विभागणी झालेली होती. अर्थात, नियमित औषध घेणारा माणूस इतरही पथ्ये पाळतो, त्याला डॉक्टरही परवडतो, हे खरे; सगळे श्रेय साखरेला देता येणार नाही. पण ती परिस्थितीही बदलण्याजोगीच आहे.

यामागची शरीरक्रिया समजली की आकडे कोरडे राहत नाहीत. रक्तात साखर सतत जास्त असली की पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची क्षमता मंदावते आणि रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर खराब होत जाते. कोरोना नेमका त्या अस्तरावर आघात करतो, आणि मग फुप्फुसांत व इतरत्र गुठळ्या होतात. लठ्ठपणात पोटाची चरबी श्वासपटलाला वर ढकलते, फुप्फुसांना फुलायला जागा कमी मिळते. शिवाय चरबीच्या पेशी दाह वाढवणारी रसायने मुळातच स्रवत असतात. भरीस भर म्हणजे कोरोना स्वतः साखर वाढवतो.

आपल्याकडे याचा सर्वांत भीषण पुरावा दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीच्या, म्हणजे म्युकरमायकोसिसच्या रूपाने आला. डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड जीव वाचवते, हे ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्येच सिद्ध केले होते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू त्याने एक तृतीयांशाने घटले. पण मात्रा होती रोज सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, आणि तीही ऑक्सिजन लागणाऱ्यालाच. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा दिसला नाही. आपल्याकडे ते घरी पडून असलेल्या तापाच्या रुग्णांनाही दिले गेले. स्टेरॉइडने चढणारी साखर मुख्यतः जेवणानंतर, दुपारी-संध्याकाळी वाढते. सकाळी उपाशीपोटी एकदाच तपासली तर ती हातून निसटते. साखर फार वाढून रक्त आम्लधर्मी झाले की प्रथिनांशी बांधलेले लोह मोकळे होते आणि या बुरशीला तेच हवे असते. एक नाकपुडी चोंदते, गाल बधिर होतो, दात हलू लागतात, डोळा सुजतो. मग शस्त्रक्रियेत जबडा किंवा डोळाही काढावा लागतो. या बुरशीवरच्या अँफोटेरिसिन औषधाच्या कुप्यांसाठी नातेवाईक जिल्हे पालथे घालत होते. कोरोनासोबत झालेल्या म्युकरच्या १०१ रुग्णांचा जो आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातले ८२ भारतातले होते. एकूण रुग्णांपैकी ८० टक्के मधुमेही आणि ७६ टक्क्यांना स्टेरॉइड दिलेले. अशा मृत्यूला सहव्याधीचा मृत्यू म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मधुमेह होताच, पण साखर मोजली गेली नव्हती.

‘ते तसेही फार जगले नसते,’ हा युक्तिवाद सभ्य शब्दांत पुष्कळदा केला गेला. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेत कोरोनामृत्यूंच्या फक्त सहा टक्के दाखल्यांवर कोरोना हे एकमेव कारण आहे, अशी आकडेवारी पसरली आणि उरलेले ९४ टक्के दुसऱ्याच आजाराने गेले, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. मृत्यूच्या कारणाचा दाखला कसा भरतात हे पाहिले की त्यातली चूक उघडी पडते. पहिल्या भागात एकाखाली एक ओळी असतात: वर अखेरचे कारण, समजा श्वसन बंद पडणे, त्याखाली ते कशामुळे, न्यूमोनिया, सर्वांत खाली मूळ कारण, कोरोना. ज्या आजारांनी केवळ हातभार लावला, ते दुसऱ्या भागात. म्हणजे त्या ९४ टक्क्यांत कोरोनानेच झालेला न्यूमोनियाही मोजला होता. आपल्या आयसीएमआरनेही मधुमेह किंवा हृदयविकार हे अशा मृत्यूचे मूळ कारण मानू नये, असे २०२० मध्येच स्पष्ट केले होते. शिवाय ब्रिटनमधील संशोधकांनी आधीचे आजार हिशेबात घेऊन गणित मांडले, तेव्हाही प्रत्येक मृत्यूमागे सरासरी दहा वर्षांच्या आसपास आयुष्य गमावल्याचे दिसले. आपल्याकडे पंचावन्नचा मधुमेही अनेकदा घरातला एकमेव कमावता असतो.

उलट बाजूने विचारले जाते की धडधाकट तरुणही गेलेच ना? गेले. काहींच्या रक्तात इंटरफेरॉन या विषाणूरोधक द्रव्यालाच निकामी करणारी प्रतिपिंडे आढळली. २०२० च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात अत्यवस्थ रुग्णांपैकी सुमारे दहा टक्क्यांमध्ये ती होती. त्यांच्या बाबतीत आधी काही कळणे कठीण होते. पण धडधाकट मानल्या गेलेल्या कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे रुग्णालयात दाखल झाल्यावर पहिल्यांदा कळले, आणि हा गट आपल्या देशात लहान नाही. आयसीएमआरच्या ‘इंडिॲब’ पाहणीचे २०२३ मध्ये आलेले निष्कर्ष देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि सुमारे १३ कोटी ६० लाख मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे असल्याचे सांगतात.

मार्च २०२१ मध्ये लसीकरण ज्येष्ठांसाठी खुले झाले, तेव्हा ४५ ते ५९ वयोगटाला वीस सहव्याधींच्या यादीतील एखादी असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणावे लागे. नुसता मधुमेह त्यात पुरेसा नव्हता. तो दहा वर्षांहून जुना किंवा गुंतागुंतीचा आणि सोबत रक्तदाबावर उपचार चालू असलेला हवा होता. आजाराची अवस्था महत्त्वाची आहे, हे यादी करणाऱ्यांना उमगले होते. पण ज्याची साखर कोणी कधी तपासलीच नाही, त्याला प्रमाणपत्र मिळणार कुठून? १ एप्रिलला ही अट काढून ४५ च्या वरच्या सर्वांना लस खुली झाली, ते योग्यच झाले. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके दारोदार गेली. ताप मोजला, बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि मधुमेह आहे का, असे विचारले. दारात उभ्या असलेल्या माणसाने जे माहीत होते तेच सांगितले. थेंबभर रक्त घेऊन साखर पाहणारे यंत्र ऑक्सिमीटरच्याच पिशवीत मावले असते, आणि पुढच्या एप्रिलमध्ये स्टेरॉइड लिहून देणाऱ्या डॉक्टरच्या हाती तो आकडा आला असता.