हिरोच्या आतला अंधार: नारुतो आणि आपली देवी

आजचा प्रश्न सरळ आहे. फँटसीतला हिरो स्वतःच्या आतल्या अंधारातून ताकद काढतो, तेव्हा तो वाचतो कसा आणि वाया जातो कसा?

आधी नारुतो घेऊ. मासाशी किशिमोतोची ही मांगा 1999 ते 2014 चालली. नारुतो तान्हा असतानाच त्याच्या शरीरात नऊ शेपट्यांचा कोल्हा, कुरामा, कोंडलेला असतो. राग अनावर झाला की कोल्ह्याची ताकद बाहेर येते, पण नारुतो भानावर राहत नाही. एकदा चार शेपट्या बाहेर येतात आणि त्याला थांबवायला धावलेली साकुराच जखमी होते. ताकद आहे, पण ती चालवणारा जागेवर नाही.

पुढे सत्याच्या धबधब्यापाशी त्याचंच काळं रूप समोर येतं. गावानं दूर ठेवल्याचा सगळा राग त्यात साठलेला. दोघं तोडीस तोड, त्यामुळे मारामारीत कुणीच जिंकत नाही. शेवटी नारुतो त्याला मिठी मारतो. कुरामाच्या ताकदीवर ताबा मिळवण्याची वाट तिथून सुरू होते.

हे फक्त जपानी डोकं आहे असं वाटत असेल, तर आमच्या तामलवाडीचा रस्ता बघा. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणारी माणसं इथूनच जातात. घराघरात नवरात्रात देवीची जी पोथी वाचतात ती दुर्गासप्तशती, मार्कंडेय पुराणातले 13 अध्याय. त्यातल्या सातव्या अध्यायात चंड-मुंड चालून येतात. रागानं देवीचा चेहरा शाईसारखा काळा पडतो आणि कपाळातून काली बाहेर येते. बघा, काली बाहेरून आली नाही. देवीचाच राग रूप घेऊन उभा राहिला.

आठव्या अध्यायात रक्तबीज. रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा रक्तबीज तयार. नुसतं मारत सुटलं तर शत्रू वाढणारच. म्हणून देवी कालीला काम नेमून देते: तू रक्त पी, वार मी करते. भूक कालीची, पण डाव देवीचा.

आणि माझ्या मते खरी गोष्ट दहाव्या अध्यायात आहे. शुंभ टोमणा मारतो, तू दुसऱ्यांच्या जिवावर लढतेस. देवी म्हणते, ही सगळी माझीच रूपं आहेत. आणि ती सगळी स्वतःत परत घेते. मगच एकटी लढायला उभी राहते.

आपल्याकडे चिडलेल्या पोराला दोनच सल्ले मिळतात: राग गिळ, नाहीतर काढून टाक. गिळलेला राग कोंडलेल्या कोल्ह्यासारखा एक दिवस आपल्याच माणसावर फुटतो. मोकाट काढला तर थेंबाथेंबातून नवं भांडण उगवतं. या दोन्ही गोष्टी तिसरी वाट दाखवतात. हा राग माझाच आहे हे कबूल करायचं, त्याला एक ठरलेलं काम द्यायचं, आणि काम झालं की घरात परत घ्यायचं.

तुमच्या आवडत्या हिरोला ही कसोटी लावून बघा, आणि तो परत घ्यायला शिकला की नाही ते कळवा. भेटू पुढच्या भागात!