गुंठ्याची बाजू

सांगली-मिरजेच्या कडेकडेच्या वस्त्यांत ‘गुंठेवारी’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द. शेतजमिनीचे एकदोन गुंठ्यांचे तुकडे पडले, त्यांवर घरं झाली आणि ती नियमित करायला राज्यात २००१ साली वेगळा कायदा करावा लागला. त्या गुंठ्यातच वर्गमूळ दडलेलं आहे.

गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. आकडा आडनिडा वाटतो खरा, पण जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती, तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, तो गुंठा. ३३ चा वर्ग १०८९, म्हणून १०८९ चं वर्गमूळ ३३. वर्ग काढताना बाजू माहीत असते आणि क्षेत्र हवं असतं. वर्गमूळ काढताना क्षेत्र हातात असतं आणि तेवढ्याच क्षेत्राच्या चौरसाची बाजू हवी असते.

आता दोन गुंठे घ्या. बाजू ६६ फूट? नाही. ६६ गुणिले ६६ म्हणजे ४३५६, ते झाले चार गुंठे. बाजू दुप्पट केली की क्षेत्र चौपट होतं. मुलं इथेच अडखळतात, म्हणून हे कागदावर काढूनच दाखवावं. एका गुंठ्याच्या चौरसाचा कर्ण काढा आणि त्या कर्णावर नवा चौरस उभा करा. त्यात मूळ चौरसाचे अर्धे तुकडे, म्हणजे त्रिकोण, बरोबर चार बसतात. झाले दोन गुंठे! बौधायनाच्या शुल्बसूत्रात हेच सांगितलं आहे. ही बाजू येते सुमारे ४६.६७ फूट. ‘सुमारे’ म्हणावंच लागतं, कारण २ चं वर्गमूळ कुठल्याही अपूर्णांकात नेमकं मांडता येत नाही.

मग एकराची बाजू कशी काढायची? ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. अंदाजाने २०० फूट धरू. ४३,५६० ला २०० ने भागलं की २१७.८. म्हणजे २०० बाय २१७.८ चा आयत एक एकराचा. एक बाजू कमी पडली, दुसरी जास्त झाली. खरी बाजू या दोहोंच्या मधे. सरासरी २०८.९. पुन्हा भागा, २०८.५२ येतात. पुन्हा सरासरी, २०८.७१. दोनच फेऱ्यांत उत्तर इंचाच्या आत आलं: २०८ फूट साडेआठ इंच. आयत हळूहळू चौरस होत जातो, एवढंच या रीतीचं मर्म, आणि ते डोळ्यांसमोर आलं की रीत पाठ करावी लागत नाही.

एक मात्र ध्यानात ठेवावं. तुमचं रान चौरस आहे असं वर्गमूळ कधीच म्हणत नाही. वाटण्या होऊन कराडकडच्या एखाद्या भावकीच्या वाट्याला ६६ बाय ६६० फुटांची पट्टी आली, तरी क्षेत्र एकरच. चौरस एकराच्या कुंपणाला एकपदरी तार सुमारे ८३५ फूट लागते, या पट्टीला १४५२.