दान, सेवा आणि संविभाग

‘दान’ या संज्ञेत दाता व याचक यांची उतरंड बहुधा गृहीत असते. शिकागो येथे १९०५ मध्ये उदयास आलेल्या रोटरीने ‘सेवा’ हे मूल्य रुजविले. तिच्या जागतिक अनुदानांसाठी आज समुदायाच्या गरजांची पाहणी आवश्यक असली, तरी अर्ज रोटरीच्याच शाखा करतात. उलटपक्षी, विनोबांनी शंकराचार्यांना अनुसरून दानाचा अर्थ ‘संविभाग’, म्हणजे सम्यक् वाटणी, असा लावला. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे आरंभलेल्या भूदानात जमीन दात्याकडून भूमिहीनाकडे जाई. पुढे ग्रामदानात मालकी ग्रामसभेकडे सोपविली गेली व दाता तिचाच एक सभासद झाला. ‘दान’ भाषांतरित करताना निर्णयाधिकार कोणाकडे गेला, हे न पाहिल्यास हा अर्थभेद निसटतो.